आधी कान तपासा, मग थेरपिस्ट शोधा

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षं आठ महिन्यांचा आहे. आई, पाणी, भू, गाई, नको असे दहाबारा शब्द बोलतो. मोबाइलवर बघून एबीसीडी मात्र शेवटपर्यंत म्हणतो, इंग्रजी आकडेही म्हणतो. काही हवं असलं की माझा हात धरून मला फ्रिजपाशी नेतो. आपण सांगतो ते त्याला बरंचसं कळतं, असं मला वाटतं. सासूबाई म्हणतात, याचा बाबाही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, मुलगे उशिराच बोलतात. बालरोगतज्ज्ञांनी मागच्या भेटीत ‘स्पीच थेरपी सुरू करा’ एवढंच सांगितलं. घराजवळच्या एका सेंटरने तीन महिन्यांच्या पॅकेजचे पैसे आगाऊ मागितले आणि घरी फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं, असं सांगितलं. मी बँकेत नोकरी करते, तो दिवसभर आजीजवळ असतो. जूनमध्ये त्याला नर्सरीत घालायचं आहे. पुण्यात चांगला स्पीच थेरपिस्ट कसा शोधायचा? आणि माझ्या नोकरीमुळे तर हे झालं नाही ना?
— एक आई, वडगाव बुद्रुक

उत्तर :

नमस्कार,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनात ठसठसत असला की बाकीचं काही नीट वाचलं जात नाही. तुमच्या नोकरीमुळे हे झालेलं नाही. आई दिवसभर घरात असणाऱ्या कितीतरी मुलांना बोलायला उशीर होतो आणि पाळणाघरात वाढलेली कितीतरी मुलं पोपटासारखी बोलतात. उशिरा बोलण्यामागे ऐकण्यातला दोष असू शकतो, एकूण वाढच थोडी संथ असू शकते, स्वमग्नता (ऑटिझम) असू शकते, किंवा बाकी सगळं ठीक असून फक्त भाषेचंच गाडं अडलेलं असू शकतं. यातलं तुमच्या बाबतीत काय आहे ते पत्रावरून सांगता येणार नाही आणि मी ते सांगणारही नाही. पण ‘आईने वेळ दिला नाही’ हे त्या कारणांमध्ये नाही, एवढं नक्की.

आता वयाबद्दल. दोन वर्षांच्या सुमारास बहुतेक मुलं दोन शब्द जोडू लागतात, ‘आई ये’, ‘बाबा गेला’, ‘अजून दे’ असं. अडीच वर्षांपर्यंत साधारण पन्नासेक शब्द त्यांच्या तोंडात असतात. तुमचा मुलगा वयाने त्याही पुढे गेलेला आहे आणि शब्द दहाबाराच आहेत. उशिरा बोलणाऱ्या मुलांपैकी बरीचशी पुढे आपोआप इतरांना गाठतात, हे खरं आहे आणि सासूबाईंचा अनुभवही त्यातूनच आलेला आहे. अडचण अशी की आपोआप गाठणारं मूल कोणतं आणि मागे राहणारं कोणतं, हे या वयात नुसतं बघून कुणालाच ओळखता येत नाही. म्हणून थांबून बघण्यापेक्षा तपासून बघणं शहाणपणाचं. तपासणीत सगळं ठीक निघालं तर तुमचे काही दिवस गेले. न तपासता थांबलात आणि काही निघालं, तर ज्या वर्षांत मेंदू भाषा सर्वांत सहज उचलतो ती वर्षं गेली.

‘याचा बाबाही उशिरा बोलला’ हे वाक्य पुण्यातल्या घराघरांत ऐकू येतं, आणि ते नेहमी थांबण्याच्या बाजूने म्हटलं जातं. खरं तर ते उलट्या बाजूचं आहे. बोलण्यातला उशीर घराण्यात असणं, हा मूल मागे राहण्याचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे. तेव्हा ही माहिती सासूबाईंकडून नीट विचारून घ्या (बाबा नक्की केव्हा बोलू लागले, पुढे शाळेत लिहिण्यावाचण्यात अडले का, आणखी कुणी काका-आत्या तसे होते का) आणि डॉक्टरांना सांगा. त्यांना तिचा उपयोग होईल. मुलगे मुलींपेक्षा थोडे मागे असतात हेही खरं, पण तो फरक एखाद्या-दोन महिन्यांचा, वर्षाचा नाही.

सेंटर, पॅकेज, थेरपिस्ट हे सगळं बाजूला ठेवून याच आठवड्यात एक काम करा. त्याचे कान तपासून घ्या. बालरोगतज्ज्ञांनी थेट थेरपी सांगितली, पण श्रवणतपासणीचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी त्याची वाटली. ‘त्याला ऐकू येतं हो, दुसऱ्या खोलीतून टीव्हीचा आवाज आला की धावत येतो,’ असं जवळजवळ प्रत्येक घर सांगतं. कुकरची शिट्टी, दाराची बेल, दुचाकीचा हॉर्न हे सगळे मोठे आवाज आहेत. बोलण्यातले स, श, फ यांसारखे आवाज मात्र हळू असतात आणि उंच पट्टीतले असतात. ज्या मुलाला तेवढेच कमी ऐकू येतात ते हाकेला वळतं, टाळीला दचकतं आणि तरीही शब्द त्याच्यापर्यंत अर्धवट पोचतात. अर्धवट ऐकलेलं अर्धवटच बोललं जाणार.

दुसरं एक फार साधं आणि फार वेळा निसटणारं कारण म्हणजे कानाच्या पडद्यामागे साठलेलं पाणी. वारंवार सर्दी होणाऱ्या, तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्या, घोरणाऱ्या मुलांमध्ये हे बरंच दिसतं. कान दुखत नाही, ताप येत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. काही आठवडे ऐकू कमी येतं, मग थोडं सुधारतं, पुन्हा सर्दी झाली की पुन्हा कमी. हे बरेचदा आपोआप किंवा गरज पडल्यास छोट्या शस्त्रक्रियेने बरं होण्यासारखं असतं. ते तसंच ठेवून वर थेरपीचे पैसे भरत राहणं म्हणजे निव्वळ नुकसान.

जन्मल्यावर हॉस्पिटलमध्ये केलेली चाचणी ‘पास’ होती, हे पुरेसं नाही. ऐकण्यातला दोष नंतरही येऊ शकतो. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, मग ऑडिऑलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याच्या तपासण्या करणाऱ्या तज्ज्ञाकडे. टिम्पॅनोमेट्री ही काही मिनिटांची चाचणी असते, तीत पडद्यामागे पाणी आहे का ते कळतं. ओएई चाचणीत आतल्या कानाचा प्रतिसाद बघतात. बेरा चाचणीत आवाजाचा संदेश कानापासून मेंदूपर्यंत नीट जातो का ते बघतात. त्यासाठी मूल झोपलेलं लागतं, म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवून सकाळी लवकर उठवा आणि गाडीत झोपू देऊ नका, असं सांगतात. झोपेचं औषध लागलं तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, घरून पाजून नेऊ नका. तुमच्या मुलाच्या वयाला खेळत-खेळत ऐकण्याची तपासणीही बरेचदा जमते. सगळ्या चाचण्या सगळ्यांना लागतात असं नाही, कोणत्या आणि का हे ऑडिऑलॉजिस्टला विचारा.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी डॉक्टरांना मुद्दाम सांगा. एक, तो एबीसीडी शेवटपर्यंत म्हणतो पण पाणी हवं असताना दर वेळी ‘पाणी’ म्हणतो का, हे बघा. पाठ झालेलं म्हणणं आणि कुणाला तरी काहीतरी सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. शब्द मोजताना फक्त ते मोजा जे तो स्वतःहून, अर्थ धरून, कुणाला उद्देशून वापरतो. ‘भू’ म्हणजे कुत्रा असेल आणि तो दर वेळी कुत्र्यालाच म्हणत असेल तर तो शब्द धरा. उच्चार पूर्ण नसला तरी चालेल. आकडे आणि अक्षरं धरू नका. दुसरी गोष्ट, हात धरून फ्रिजपाशी नेणं. तो बोट दाखवतो का? आणि फक्त हवं असलेलं मागायला दाखवतो, की आकाशातलं विमान दिसल्यावर ‘बघ, बघ’ अशा अर्थाने तुमच्याकडे वळून दाखवतो? नावाने हाक मारल्यावर बघतो का? पूर्वी बोलत असलेला एखादा शब्द नाहीसा झालाय का? या उत्तरांवरून स्वमग्नतेसाठी अधिक तपासणी करायची का, हे ठरतं. पालकांकडून भरून घेतली जाणारी यासाठीची जी छोटी प्रश्नावली सर्रास वापरतात ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. तुमचा मुलगा त्यापुढे गेलाय, म्हणून त्याला मुलांच्या विकासातल्या तज्ज्ञ डॉक्टरांनी प्रत्यक्ष बघणं बरं. मी तुम्हाला घाबरवत नाहीये. हे प्रश्न तिथे विचारले जाणारच आहेत, उत्तरं तयार असलेली बरी.

घरी मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे दोन-चार व्हिडिओ घेऊन ठेवा. जेवताना, खेळताना, आजीबरोबर असताना. दवाखान्यात गेल्यावर मूल बिथरतं, आईला चिकटून बसतं, घरी जे करतं त्यातलं काहीच करत नाही. व्हिडिओ असला की बघणाऱ्याचं काम सोपं होतं.

आता पुण्यात जायचं कुठे. तुमच्या भागातून सर्वांत सोयीचं म्हणजे धनकवडीचं भारती विद्यापीठाचं ऑडिऑलॉजी आणि स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजीचं महाविद्यालय. इथे या विषयाची पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण होतं. अशा महाविद्यालयांच्या क्लिनिकमध्ये शिकणारे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली थेरपी देतात. विद्यार्थी म्हटल्यावर काही पालक नाक मुरडतात, मला ते पटत नाही. प्रत्येक मुलाची नोंद लिहिली जाते, शिक्षक ती तपासतात, आणि कान व बोलणं दोन्हींचं काम एका छताखाली होतं. एवढंच विचारून घ्या की विद्यार्थी बदलला तर पुढच्याकडे मुलाची माहिती कशी पोचते. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचं बालविकास केंद्र जुनं आणि अनुभवी आहे. एकूण विकासाची तपासणी एकाच ठिकाणी हवी असेल तर तिथे जा. ससूनच्या कान-नाक-घसा विभागात सरकारी दरात तपासणी होते, गर्दी मात्र धरून चाला. शिवाय २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते, आणि त्यात उशिरा बोलणं धरलेलं आहे. त्या कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे लहान वयातच तपासून उपचार सुरू करणारं केंद्र, असतं. पुणे जिल्ह्याचं जिल्हा रुग्णालय औंधला आहे, तिथे चौकशी करा. अंगणवाडीतूनही तिकडे पाठवता येतं, आणि हा रस्ता पुण्यातल्या मध्यमवर्गीय पालकांना माहीतच नसतो.

खासगी थेरपिस्टकडे जायचं ठरलं तरी हरकत नाही, पुण्यात चांगले पुष्कळ आहेत. पण पाटी बघून आत शिरू नका. स्पीच थेरपिस्टची चार वर्षांची पदवी असते, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. त्यावर दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण. आपल्या देशात हा व्यवसाय करायला भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नाव नोंदलेलं लागतं. ही परिषद १९९२ च्या कायद्याने स्थापन झाली आहे आणि नोंदणी झालेल्यांची नावं तिच्या वेबसाइटवर शोधता येतात. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच वाटून घेऊ नका. चांगला थेरपिस्ट तो आनंदाने सांगतो, बहुतेकांनी भिंतीवर लावलेलाच असतो. ‘चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर’ अशा पाटीखाली कधी कधी थोड्या दिवसांचा कोर्स केलेली मुलगी थेरपी देत असते आणि पदवीधारक आठवड्यातून एकदा डोकावतो. तुमच्या मुलासमोर प्रत्यक्ष कोण बसणार, हा प्रश्न स्पष्ट विचारा.

त्याहून मोठी कसोटी माझ्या मते ही : थेरपिस्ट तुम्हाला खोलीत घेतो का? या वयाच्या मुलाची थेरपी म्हणजे आठवड्यातून दोनदा पाऊण तास. उरलेला सगळा आठवडा तो तुमच्याजवळ आणि आजीजवळ असतो. त्या पाऊण तासात मूल बोलायला शिकत नाही. त्या पाऊण तासात मोठी माणसं शिकतात की या मुलाशी कसं बोलायचं, आणि मूल शिकतं ते घरी. दार लावून घेऊन आईला बाहेर खुर्चीवर बसवणाऱ्या आणि शेवटी ‘छान केलं आज’ एवढंच सांगणाऱ्या ठिकाणी पैसे जातात आणि घरात काहीच बदलत नाही. क्वचित आई समोर असली की मूल कामच करत नाही, तेव्हा थोडा वेळ बाहेर थांबावं लागतं, ते समजण्यासारखं आहे. पण तेव्हाही शेवटची दहा मिनिटं तुम्हाला आत बोलावून, काय केलं आणि घरी काय करायचं, हे करून दाखवायला हवं.

म्हणूनच मी तुम्हाला गावभर फिरायला सांगणार नाही. कल्याणीनगरचा नाणावलेला थेरपिस्ट आणि सिंहगड रोडवरचा नोंदणीकृत, तुम्हाला आत घेणारा थेरपिस्ट यांत मी डोळे झाकून दुसरा निवडीन. ट्रॅफिकमध्ये सव्वा तास रडून थकलेलं मूल पोचल्यावर काय शिकणार? आणि दोन महिन्यांनी तुमचीच दमछाक होऊन जाणं बंद पडेल.

पॅकेजबद्दल. आगाऊ तीन महिन्यांचे पैसे भरू नका. आधी फक्त असेसमेंट करा आणि लेखी रिपोर्ट मागा. त्यात त्याला किती समजतं, तो किती सांगतो, कसं खेळतो, आणि पुढच्या तीन महिन्यांत काय साधायचं हे लिहिलेलं हवं. ‘बोलणं सुधारणे’ हे ध्येय नव्हे. ‘हवं ते मागताना रोज निदान दहा वेळा शब्द किंवा खूण वापरेल’ हे ध्येय. पैसे सेशनप्रमाणे किंवा महिन्याला द्या आणि बारा आठवड्यांनी बसून बघा, ठरवलेलं कुठवर आलं. कुणी ‘तीन महिन्यांत बोलायला लागेल, गॅरंटी’ म्हटलं तर तिथून उठून या. शिट्ट्या फुंकणं, गालाला-ओठांना ब्रश फिरवणं, जीभ वरखाली करण्याचे व्यायाम, यांतच सगळा वेळ जात असेल तरी विचारा की याने माझं मूल शब्द कसे शिकणार. अशा व्यायामांनी बोलणं येतं याला भक्कम आधार नाही.

आणखी एक, धीर धरायचा तो इथे. थेरपी सुरू झाल्यावर लगेच शब्द वाढत नाहीत. आधी तो तुमच्याकडे जास्त बघू लागतो, नक्कल करू लागतो, आपली पाळी येईपर्यंत थांबू लागतो, बोट दाखवू लागतो. ही प्रगतीच आहे. थेरपिस्टने चित्रांची कार्डं किंवा हातांच्या खुणा वापरायला सुचवलं तर ‘मग तो बोलायचा कधी’ म्हणून नाही म्हणू नका. खुणा आणि चित्रं बोलणं थांबवत नाहीत. सांगता येतंय हे कळल्यावर मुलाची चिडचिड कमी होते आणि बोलण्याला वाट मिळते.

आता इंग्रजीचा विषय. इथे मी थोडी कडक बोलणार आहे. त्या सेंटरने दिलेला सल्ला चुकीचा आहे. दोन भाषा कानावर पडल्याने मुलाचं बोलणं लांबत नाही. यावर जगभर भरपूर काम झालंय आणि भाषेचा दोष असलेली मुलंही दोन भाषा शिकू शकतात, हे त्यातून दिसलंय. तुम्ही इंग्रजी बोलू लागलात तर काय होईल, याचा विचार करा. ‘कम हिअर’, ‘सिट डाऊन’, ‘ईट फास्ट’, ‘नो’. तुम्ही बँकेत उत्तम इंग्रजी बोलत असाल, पण मुलाला कुशीत घेऊन जे बोलता, लाडाने रागावता, आंघोळ घालताना जे पुटपुटता, ते इंग्रजीत येणार नाही. बोलणं आखूड होईल, हुकमांपुरतं उरेल. आणि आजीचं काय? दिवसभर त्याच्याजवळ असणारं माणूस या नियमाने गप्प बसवलं जाईल. ज्या मुलाला भाषा कमी पडतेय त्याच्या वाट्याची निम्मी भाषा आपण काढून घ्यायची, हे कसलं औषध?

घरात मराठी बोला. भरपूर, जशी बोलता तशी. मराठीत पक्का झालेला पाया इंग्रजीला उपयोगी पडतो. थेरपिस्टही शक्यतो मराठी बोलणारा शोधा. पुण्यात केरळ-कर्नाटकातून आलेले कितीतरी उत्तम थेरपिस्ट आहेत, त्यांचं मराठी अडखळतं असलं तरी बिघडत नाही. मात्र ध्येयातले शब्द मराठी असावेत, इतका आग्रह धरा. तुम्हीच यादी करून न्या : दे, उघड, अजून, संपलं, वर, आत, गार, आबा, चप्पल, पोळी, भुर्र. त्याच्या घरात, त्याच्या दिवसात जे शब्द लागतात ते. इग्लू आणि झायलोफोनच्या चित्रांची कार्डं ओळखून तुमच्या मुलाला पाणी मागता येणार नाही.

तपासण्यांच्या तारखा मिळेपर्यंत घरी सुरू करण्यासारखं बरंच आहे. ‘बोल, बोल, म्हण पा-णी’ हे आधी बंद. ‘हे काय? ते काय?’ अशी दिवसभराची परीक्षाही बंद. तो ज्याच्याकडे बघतोय त्याबद्दल तुम्ही बोला. तो एक शब्द म्हणाला की तुम्ही त्यात एक घाला. तो म्हणाला ‘पाणी’, तुम्ही म्हणा ‘गार पाणी’, ‘पाणी सांडलं’. चूक सुधारू नका. तो ‘काका’ला ‘ताता’ म्हणाला तर ‘हो, काका आले’ म्हणून पुढे जा. क चा त होणं, र चा ल होणं हे या वयात चालायचंच, र तर शाळेत जाईपर्यंत बऱ्याच मुलांचा पक्का होत नाही. त्याची काळजी आज नको.

आणि थांबा. हे सगळ्यांत अवघड आहे. तो हात धरून फ्रिजपाशी घेऊन गेला की तुम्हाला कळतंच त्याला काय हवंय, आणि तुम्ही ते काढून देता. दार उघडा, पण दूध लगेच देऊ नका. त्याच्या उंचीला बसा, चेहऱ्याकडे बघा, मनात दहापर्यंत मोजा. एखादा आवाज, बोट, नजर काहीही आलं तरी ‘दूध! दूध हवं’ म्हणून लगेच द्या. रडेपर्यंत ताणायचं नाही, अडवणूक करायची नाही. फक्त त्याला सांगायला जागा ठेवायची.

मोबाइलबद्दल बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे : दोन वर्षांच्या आत स्क्रीन अजिबात नको, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्या माणसाच्या सोबतीने. मोबाइलमुळेच तो बोलत नाही असं मी म्हणत नाही. पण जेवणाचा वेळ मोबाइलने घेतला की बोलण्याचा वेळ जातो. निदान जेवताना तो बाजूला ठेवा. पहिले चार-सहा दिवस जेवण कमी जाईल, रडारड होईल. हा घास चिऊचा, हा घास काऊचा करत भरवणं आजींना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं येतं.

आजींना या कामात शत्रुपक्षात ढकलू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांच्याजवळ दिवसाचे आठ-दहा तास आहेत, थेरपिस्टजवळ नाहीत. त्यांना असेसमेंटला बरोबर न्या. तुम्ही घरी येऊन ‘डॉक्टर असं म्हणाले’ सांगण्यापेक्षा थेरपिस्टने त्यांच्याशीच बोललेलं बरं. मटार सोलताना एकेक दाणा ‘टाक, टाक, संपलं’ म्हणत डब्यात टाकणं, कपड्यांच्या घड्या घालताना ‘बाबाचा शर्ट, बाळाची चड्डी’ म्हणणं, संध्याकाळी खाली जाऊन मांजर, रिक्षा, पेरूवाला दाखवणं, हे थेरपीतलंच काम आहे आणि त्या ते करू शकतात. जिभेला वेखंड घासणं किंवा पोपटाचा उष्टा पेरू देणं सुचवलं तर मात्र प्रेमाने नाही म्हणा. जीभ खाली चिकटलेली आहे म्हणून बोलत नाही, असंही कुणी सांगेल. जीभ चिकटलेली असेल तर काही उच्चारांना अडचण येऊ शकते, पण शब्दच येत नाहीत याचं कारण ती नसते. निव्वळ तेवढ्यासाठी कापून घेऊ नका.

तपासणीत पुढे काही कायमस्वरूपी निदान झालंच, तर वाचा आणि भाषेचा दोष तसंच स्वमग्नता या दोन्ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये येतात आणि त्यासाठीचं ओळखपत्र काढता येतं. स्वमग्नता असल्यास केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या (नॅशनल ट्रस्टच्या) निरामय या आरोग्य विमा योजनेत एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं आणि त्यात थेरपीच्या खर्चाचाही काही भाग धरलेला असतो. आज यातल्या कशामागे लागायची गरज नाही.

राहिली नर्सरी. जूनपर्यंत तो सव्वातीन वर्षांचा होईल. शाळेत घालायला हरकत नाही, मुलांच्यात राहण्याचा फायदाच होईल. बाई मुलांशी मराठीत बोलतात का, वर्गात मुलं किती, मूल शी-शू सांगू शकलं नाही तर काय करतात, हे बघून शाळा निवडा. नावापेक्षा हे महत्त्वाचं. प्रवेशाच्या वेळी त्याच्या बोलण्याबद्दल लपवू नका. लपवून मिळवलेल्या वर्गात बाई त्याला हट्टी समजतील. एका कागदावर त्याचे शब्द, त्याच्या खुणा आणि तो चिडला की कशाने शांत होतो, हे लिहून बाईंना द्या. ज्या शाळेला तो कागद नकोसा वाटेल ती शाळा याच वर्षी सोडून द्या. ईएनटीची वेळ मात्र याच आठवड्यात घ्या, आणि ऐकण्याचे रिपोर्ट आले की मला पुन्हा लिहा. थेरपी आठवड्यातून किती वेळा हवी ते त्यावरून बोलू.